रेखाटनं फ्रेमवाल्याकडे देण्याआधी

माननीय संस्कृती मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस,

सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या एका ज्येष्ठ चित्रकाराने राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, गांधी हॉल आणि माळव्यातली खेडी वर्षानुवर्षं जागेवर बसून रेखाटली आहेत. ती सरकारी दालनात लावायची ठरली, तर आनंदच आहे. धास्ती वाटते ती फ्रेमची.

आपल्याकडे चित्र लावायचं म्हणजे प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवायचं, नाहीतर लॅमिनेशन करायचं. दोन्हीतून कागद पुन्हा सुटा होत नाही. प्लायमधलं आम्ल कागदात उतरतं, कागद आधी पिवळा आणि मग ठिसूळ होतो. काच थेट कागदाला टेकली की पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते, बुरशी धरते, शाई काचेला चिकटते. म्हणून आम्लमुक्त बोर्डाची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, खिडकी कापून काच आणि कागदात 3-4 मिलिमीटर अंतर ठेवावं. कागद वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगावा. बाकीच्या कडा मोकळ्या, म्हणजे हवेप्रमाणे तो फुगेल-आकसेल आणि सुरकुतणार नाही. कोळशाच्या रेखाटनावर मात्र काचेऐवजी ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा नको. त्यातली स्थिर वीज भुकटी ओढून घेते. तिथे काचच बरी.

उजेड 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) पुरे. खिडकीसमोरची भिंत टाळा. तीन-चार महिन्यांनी चित्रं बदलून आधीची अंधारात ठेवा.

एवढी काळजी कशासाठी? राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. 1984 च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला. अशा वास्तूचं आगीआधीचं रेखाटन हाती आलं, तर सज्जाखाली किती आधार होते आणि कोणती कमान कुठे संपत होती, हे दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरून पडताळता येतं. पण त्यावर साल हवं. चित्रकाराला विचारून प्रत्येक कागदाच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने साल, बसण्याची जागा आणि तोंड कुठल्या दिशेला, एवढं लिहून घ्यावं. बॉलपेन नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. खेड्यांच्या चित्रांना तर हे आधी करा. नुसती विहीर आणि चिंच बघून गाव कोण ओळखणार?

फ्रेमआधी सपाट स्कॅनरवर 600 डीपीआयने (इंचाला 600 ठिपके), शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून, टिफ फाइल (तपशील न गमावणारी) करावी. कागद ओढून घेणारं यंत्र वापरू नये.

निविदेत मात्र ‘काचेसह लाकडी फ्रेम, नग’ एवढीच ओळ असते. तीत बोर्ड, अंतर आणि खळ हे तीन शब्द घालावेत, आणि तोवर कागद सपाट कपाटातच राहू द्यावेत.

आपले,
इंदूरचे काही चित्रकार आणि कागद-जतन करणारे