दोन एसएमपीएस एका मशिनला जोडून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका म्हणते. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. एका संगणकाला दोन एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारे दोन डबे, कसे जोडायचे हे तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या घरी बसून रेंडरिंगची, म्हणजे संगणकाकडून थ्रीडी चित्रं तयार करून घेण्याची, कामं करणाऱ्या पुष्कळांच्या उपयोगाचं आहे.

माझं काम इमारतींची थ्रीडी चित्रं करायचं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला दोन ग्राफिक्स कार्डं दिली की तो दोन्हींवर काम वाटून देतो, म्हणून एका आरटीएक्स ३०९० च्या जोडीला दुसरं घेतलं. एकेक कार्ड ३५० वॉटचं. दोघांचे ७००, रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला की १४२, वर मदरबोर्ड, पंखे, डिस्क. बेरीज नऊशेच्या पुढे जाते, आणि माझा एसएमपीएस ८५० चा. शिवाय ही कार्डं काही मिलिसेकंदांपुरती छापील आकड्याच्या बऱ्याच वर उसळी मारतात, आणि तेवढ्यात एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. रात्रभराचा रेंडर गेला की ग्राहकाला काय सांगायचं?

घरात ६५० वॉटचा एक चांगला एसएमपीएस पडून होता. तो जोडता येईल का, म्हणून विचारलं तर एका दुकानात सांगितलं, त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत तारेचा तुकडा अडकवा, होतो सुरू. तुम्ही हे ऐकून पहिल्यांदा प्रश्न विचारलात तो असा: "आणि बंद कोण करणार?"

तिथून पुढे तुम्ही जे समजावलंत ते मला शब्दाशब्दाने आठवतं. हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला, टेकली की एसएमपीएस सुरू होतो, हे खरंच. पण तार कायमची अडकवली तर दुसरा एसएमपीएस मशीनला विचारून चालत नाही. तो चालू आणि पहिला बंद, किंवा पहिला चालू आणि तो बंद, असं झालं की कार्डाला एका बाजूने वीज आहे आणि दुसऱ्या बाजूने नाही. म्हणून तुम्ही १२ व्होल्टची एक रिले घेतलीत, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आपले संपर्क जोडणारा स्विच. तिची कॉइल पहिल्या एसएमपीएसच्या पिवळ्या (१२ व्होल्टच्या) आणि काळ्या वायरीवर, तिचे संपर्क दुसऱ्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीवर. कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावलात, बंद होताना येणारा झटका तिथेच जिरावा म्हणून. आता मशीनचं बटण दाबलं की आधी पहिला उठतो, रिले टक् वाजते, दुसरा उठतो. मशीन बंद केलं की दोघेही बसतात. तयार सर्किट बाजारात मिळतं, पण तुम्ही ते माझ्यासमोर जोडलंत, म्हणून आत काय चालतं ते मला माहीत आहे.

दोन्हींचं ग्राउंड तुम्ही जाड काळ्या वायरीने एक केलंत. १२ व्होल्ट मात्र कुठेही एकमेकांना भिडू दिले नाहीत. मल्टिमीटर लावून दाखवलंत, एकाचे १२.१ आणि दुसऱ्याचे ११.९. दोन्ही नियमात बसतात, कारण ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. पण थेट जोडले तर जास्त व्होल्टेजवाला जवळजवळ सगळा भार अंगावर घेणार. म्हणून एका कार्डाच्या दोन्ही आठ पिनी केबल एकाच एसएमपीएसमधून. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि पहिलं कार्ड ८५० वर. दुसऱ्या कार्डाच्या केबल ६५० वर. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ते कार्ड जास्तीत जास्त ७५ वॉट घेतं, तो भार पहिल्यावर, हेही तुम्ही हिशेबात धरलं होतंत.

केबलवर तुम्ही घातलेला वेळ मला त्या दिवशी फार वाटला होता. कार्डाच्या बाजूची टोकं सगळ्या कंपन्यांची सारखी दिसतात, पण एसएमपीएसच्या बाजूला पिनांचा क्रम वेगवेगळा असतो. एकाची केबल दुसऱ्याला बसते आणि कार्ड जाळू शकते. तुम्ही प्रत्येक केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासलीत, कागदी टेपवर ठळक "अ" आणि "ब" लिहून दोन्ही टोकांना चिकटवलंत. त्या टेप अजून तशाच आहेत. परवा धूळ काढायला सगळं सोडवलं आणि निर्धास्तपणे परत जोडलं.

आणि अर्थिंग! हे मला दुसऱ्या कुणीही सांगितलं नसतं. प्रत्येक एसएमपीएसमधून अर्थिंगला थोडी गळती होतेच, दोन असले की दुप्पट. अर्थिंग तुटकं असेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. माझ्या खोलीतल्या सॉकेटची अर्थिंगची वायर ढिली निघाली, ती तुम्ही स्वतः कसलीत. दोन्ही प्लग एकाच १६ अँपियरच्या बोर्डावर घ्यायला लावलेत. आमच्या इमारतीत तीन फेज आहेत. वेगवेगळ्या खोल्यांतून वीज घेतली असती तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्टचं अंतर एका कॅबिनेटात आलं असतं.

तुम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगितलीत, ती इथे मुद्दाम लिहिते. सगळं नव्यानेच घ्यायचं असेल तर एकच मोठा, बाराशे किंवा सोळाशे वॉटचा एसएमपीएस घ्यावा. दोन जोडणं हे हाताशी चांगला पडून असलेल्यासाठी. तुम्ही मला तेव्हा मोठा विकत घ्यायला सांगू शकला असता, मी घेतलाही असता, कर्ज काढून. तुम्ही आधी माझ्याकडे काय आहे ते पाहिलंत.

पैसे घ्यायला तयार झाला नाहीत, रिलेचेसुद्धा नाही. मावशींना घेऊन एकदा जेवायला याच, पुरणपोळी करते. माझ्या ओळखीची एक मुलगी पण अशीच जोडणी करायला निघाली आहे. तिला तुमच्याकडे पाठवू का, तेवढं कळवा.

आपली,
एक रेंडर करणारी