कॅसिनोत जुगार नंतर बघू, आधी कॅश कुठून आली ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र वाचलं, की नाशिकला वायनरी आहेत, ओझरचं विमानतळ आहे, २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आलाय, मग गोव्यासारखे दोन-चार कॅसिनो इकडे का नकोत, सरकारला टॅक्स मिळेल आणि पोरांना नोकऱ्या मिळतील. पत्र मनापासून लिहिलेलं होतं म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरला, आणि हेड कॅशियर म्हणून रिटायर झाले. जुगार चांगला का वाईट यावर मी बोलत नाही, त्याच्यावर घराघरात वेगळं मत असतं. मला एवढंच विचारायचंय की कॅसिनोच्या खिडकीवर जी कॅश येईल ती कुठून आली हे विचारणार कोण?

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या ब्रँचला निफाड, दिंडोरीकडचे शेतकरी द्राक्षाचे पैसे भरायला यायचे. बंडलं सुतळीनं बांधलेली, नोटांना फवारणीच्या औषधाचा वास, मोजून झाल्यावर हात दोनदा धुवावे लागायचे. त्या माणसानं वर्षभर बागेत राबून आणलेले पैसे, तरी पन्नास हजारांच्या वर गेला की मी पॅन मागायचे, पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून घ्यायचे, आणि ते बिचारे न कुरकुरता अंगठा द्यायचे. उलट काही जण बरोबर ४९,५०० घेऊन यायचे, आज एक स्लिप, उद्या एक स्लिप, परवा भावाच्या खात्यात एक. महिन्याभरात एकमेकांशी जोडलेले रोखीचे व्यवहार मिळून दहा लाखांच्या वर गेले तर ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीला फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे संशयास्पद पैशांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याला, कळवावे लागतात, त्यामुळे आम्हाला डोळे उघडे ठेवूनच बसावं लागायचं.

आता तीच कॅश कॅसिनोत नेली तर काय होतं बघा. माणूस नोटा देतो, चिप्स म्हणजे खेळायची टोकनं घेतो, तासभर टेबलावर बसतो, थोडंफार खेळतो नाहीतर साथीदारासोबत लाल-काळ्यावर उलटसुलट लावतो म्हणजे एकाचं गेलं ते दुसऱ्याला मिळतं, आणि मग उरलेल्या चिप्स परत देऊन चेक घेतो. बँकेत तो चेक आला की पैसे कसले, तर कॅसिनोतले. जिंकल्याचे दाखवून ३० टक्के टॅक्स भरला तरी उरलेले पैसे उजळ माथ्यानं फ्लॅटमध्ये टाकता येतात. काळा पैसावाले एवढं कमिशन म्हणून नाहीतरी देतच असतात. म्हणजे जुगारात हरणं-जिंकणं हा त्यांचा विषयच नाही, त्यांना फक्त पावती पाहिजे.

हे मी मनानं सांगत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर हॅकर्सनी पळवले, ते फिलिपाइन्समध्ये बनावट नावांच्या खात्यांत आले आणि तिथून मनिलाच्या कॅसिनोंत गेले, आणि तिथंच माग तुटला, कारण त्या देशाच्या मनी लाँडरिंगच्या, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या, कायद्यात तेव्हा कॅसिनो घेतलेच नव्हते. २०१७ मध्ये घेतले, पैसे गेल्यावर. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात तर लोक हॉकीच्या बॅगा भरून वीस-वीस डॉलरच्या नोटा आणायचे, एकट्या २०१४ सालात तिथल्या कॅसिनोंनी दहा हजार कॅनेडियन डॉलर आणि त्याहून मोठे असे जवळपास १.२ अब्ज डॉलरचे रोखीचे व्यवहार घेतले, असं चौकशी आयोगानं २०२२ मध्ये लिहून ठेवलंय. मी कॅशियर आहे, वीसच्या नोटांनी भरलेली बॅग काउंटरवर आली तर ती मोजायला किती वेळ लागतो मला माहितीये, मशीन गरम होतं, मागे लाइन लागते. म्हणजे ते कुणाला दिसलं नाही असं होऊच शकत नाही. दिसत होतं, घेत होते. ऑस्ट्रेलियात क्राउन या कॅसिनो कंपनीला २०२३ मध्ये ४५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, तिथंही नियम, परवाने, तपासणी खातं सगळं जागेवर होतं.

सगळीकडे मला एकच गोष्ट दिसते. ज्या सरकारला फीचे आणि टॅक्सचे पैसे मिळतात त्याच्याच हातात लक्ष ठेवायचं काम दिलं की लक्ष ठेवायची इच्छा कमी होते. गोव्यात १९७६ चा जुगाराचा कायदा, त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांना मशीन्सची परवानगी, मग १९९६ मध्ये बोटींना, आता मांडवी नदीत रात्री जो झगमगाट दिसतो तो त्यातनं आलाय. जुगार हा राज्याचा विषय म्हणून परवाना राज्य देतं, आणि मनी लाँडरिंगचा कायदा म्हणजे पीएमएलए केंद्राचा, त्याखाली कॅसिनोंनाही बँकेसारखंच ग्राहकाची ओळख घेणं, पाच वर्षं रेकॉर्ड ठेवणं, संशयास्पद व्यवहार कळवणं बंधनकारक आहे. कागदावर ठीक आहे. पण टेबलाजवळ उभं राहून बघणारं माणूस कोणाचं? आणि कॅसिनोसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ३,००० डॉलरची आहे, म्हणजे अडीच लाखांच्या थोडं वर, तेवढा व्यवहार झाला की ओळख तपासा असं ती सांगते, आपल्याकडे रोखीचा रिपोर्ट मात्र दहा लाखांच्या वर. मधल्या जागेत काय काय मावतं याचा विचार करा. आणि हो, ज्या गोव्याचं उदाहरण सगळे देतात तिथं गोवेकरांनाच कॅसिनोत जायला मनाई आहे.

आपल्या राज्यात १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा झाला होता, कंट्रोल अँड टॅक्स असं त्याचं नाव, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. माझ्या मते बरोबर केलं. पण रद्द केल्यावर सरकारला वाटलं असावं की विषय संपला, आणि तिथं मला खरा त्रास आहे, कारण कॅसिनो नाही म्हणून पैसे फिरायचे थांबलेले नाहीत.

आमच्या सिडकोतल्या शेजारच्या वहिनी एका सकाळी बँक स्टेटमेंटची प्रिंट घेऊन माझ्याकडे आल्या, म्हणाल्या ताई, जरा बघा ना, पोराचं खातं बंद केलंय. पोरगा इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला. मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. सकाळी सातपासून यूपीआयनं ५००, १०००, ३००, २०००, सगळे अनोळखी लोक, आणि संध्याकाळी एका झटक्यात सगळी रक्कम दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. शिल्लक २१२ रुपये. पोराला समोर बसवलं तर रडायलाच लागला, काकू, ते लोक मला म्हणाले गेमिंगचं आहे, फक्त खातं, एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं, महिन्याला पाच हजार मिळतील. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी कुणाच्या तरी फसवणुकीच्या तक्रारीवरून खातं फ्रीज केलं होतं. कॅसिनोची खिडकी नव्हती म्हणून त्या लोकांनी या पोराच्या खात्याची खिडकी केली. स्कॉलरशिप त्याच खात्यात अडकली, आई दर सोमवारी ब्रँचला चकरा मारते, आणि जबाबाला मात्र पोरालाच बोलावतात, ज्यानं पाच हजार देऊ केले त्याचा नंबर कधीच बंद झालाय.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. चांगला आहे. पण साइट परदेशात बसलेली असते आणि खातं इथल्या पोराचं, तर पकडायची जागा इथंच आहे. रिझर्व्ह बँकेनं अशी भाड्याची खाती ओळखायला म्यूलहंटर नावाचं सॉफ्टवेअर तयार करून घेतलंय, ते आपल्या जिल्ह्यातल्या सहकारी बँकांपर्यंत आणावं, आणि पतसंस्थांकडेही कुणाचं तरी लक्ष असावं. राज्यानं पोलिस, जीएसटी आणि बँका यांना जिल्हा पातळीवर महिन्यातनं एकदा एका टेबलावर बसवावं, कारण आज प्रत्येकाकडे अर्धी माहिती आहे. स्टुडंटच्या खात्यात दिवसभर चिल्लर येतेय आणि रात्री रिकामं होतंय हे ब्रँचला तिसऱ्या दिवशी कळायला पाहिजे, मग त्याच दिवशी पोराला फोन करा, सहा महिन्यांनी फ्रीज करून काय उपयोग. आणि पुढे कधी कुठल्या सरकारला कॅसिनो आणावासा वाटलाच तर चिप घेताना ओळख, पैसे परत देताना चेकवर हे जिंकलेले का नुसते परत केलेले याची नोंद, आणि तपासणारं खातं महसूल गोळा करणाऱ्या खात्यापासून वेगळं, एवढं आधी लिहून घ्या.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे. जागा नसेल तर गोव्याचा आणि ऑस्ट्रेलियाचा भाग कापला तरी चालेल, पण खातं भाड्यानं देण्याचा भाग तेवढा राहू द्या, आणि सायबर तक्रारीचा १९३० हा नंबरही, कारण कॉलेजं सुरू झालीत आणि तसले मेसेज पोरांच्या ग्रुपवर परत फिरायला लागलेत.

आपली,
एक निवृत्त हेड कॅशियर
सिडको, नाशिक