आक्का, ते जेवलं

आक्का,

तुम्ही मराठी छान बोलता पण वाचायचं म्हटलं की कन्नडच, त्यामुळं हे तुमच्या सूनबाई वाचून दाखवतील, त्या निपाणीच्या, त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय. आणि असं सगळ्यांना दिसेल असं लिहायचं कारण म्हणजे तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "इरली बिड्री", म्हणजे असू दे, सोडा, म्हणून आत निघून जाता. गेल्या महिनाभरात चार वेळा म्हणायला आलो आणि चारही वेळा तसंच झालं. आता ऐकून घ्या.

आमच्या मांजराचं, चिंगीचं पोट फुगायला लागलं तेव्हा आमच्या घरात सगळे खुशीत होते. पिल्लं होणार म्हणून आईनं खोकं पण काढून ठेवलेलं, त्यात जुनं लुगडं घातलेलं. एका ठिकाणी दाखवलं पण होतं, तिथं पोट चाचपून गाभण आहे, काळजी करू नका असं सांगितलं, मग आम्ही कशाला काळजी करतोय. तुम्ही त्या दिवशी पिठाचा डबा परत द्यायला आलात, चिंगी मोरीत बादलीवर वाकून पाणी पीत होती, आणि तुम्ही डबा हातात तसाच धरून किती वेळ बघत उभ्या राहिलात ते मला अजून डोळ्यापुढं दिसतंय. मग म्हणालात, "हे पिल्लाचं न्हवं ओ. पाणी बगा किती पिऊलालंय, आणि जेवलं काय ते?" दोन दिवस नीट जेवली नव्हती. आम्हाला वाटलेलं पोटात पिल्लं आहेत म्हणून जात नसेल. तुम्ही म्हणालात आजच न्या, उद्या नको.

तुमच्या घरी माग होता तोपर्यंत कायम दोन-तीन मांजरं असायची, सुताला उंदीर लागू नयेत म्हणून, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मांजरं बघितलेला डोळा तो. आम्ही रोज तिला मांडीवर घेऊन बसायचो आणि आम्हाला दिसलं नाही.

पाऊस एवढा की रिक्षा मिळेना, मिळाली तर नेमकं रेल्वे गेट पडलेलं, पिशवीत ती गप्प, ओरडत पण नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटत होती. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि स्क्रीनवर काळे काळे नळ्यांसारखे दिसले ते दाखवून म्हणाले पिल्लू एकही नाही, गर्भपिशवी पुवानं भरलीय. पायोमेट्रा म्हणतात त्याला. नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या मादीला हीट, म्हणजे माज, येऊन गेल्यावर काही आठवड्यांत होतं, पिशवीत जंतू वाढतात, आणि तिची पिशवीचं तोंड बंद झालेल्या प्रकारातली, म्हणजे पू बाहेर यायला वाटच नाही, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही, पोट तेवढं फुगतं. ते विष अंगात भिनायला लागलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही म्हणून एवढी तहान. पिशवी आत फुटली असती तर वाचवणं फार अवघड झालं असतं म्हणाले. त्याच दिवशी संध्याकाळी पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढलं. तुम्ही "उद्या नको" म्हणालात ते किती खरं होतं ते मला तिथं बाकड्यावर बसल्यावर कळलं.

आणि हे सगळं टाळता आलं असतं आक्का, ते मला सलतं. सहा महिन्यांची होती तेव्हाच तिचं ऑपरेशन करायचं राहिलं, एकदा तरी पिल्लं होऊ देत म्हणत चार वर्षं घालवली. पिशवीच नसेल तर पिशवीत पू कुठनं होणार. आता गल्लीत ज्याच्या घरी मांजर आहे त्याला मी हे सांगतो, कुणाला आवडो न आवडो.

दुसऱ्या दिवशी घरी आणलं. पोटावरचे केस काढलेले, गुलाबी कातडी, मधोमध पाच टाके, २ किलो ६०० ग्रॅम वजन, एवढीशी झालेली. भुलीचा अंमल पूर्ण उतरलेला नव्हता, उभी राहायची आणि मागचे पाय एकीकडं जायचे. माझी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फर्स्ट शिफ्ट, सुट्टी आधीच संपलेली, बायको बाळंतपणासाठी माहेरी खानापूरला, आणि आईला साखरेमुळं डोळ्याला कमी दिसतं. मी कुणाला काय मागावं या विचारात दारात उभा होतो आणि तुम्ही सरळ आत येऊन चटई अंथरलीत. विचारलं पण नाहीत बसू काय म्हणून. बारा दिवस सकाळी सहा ते दुपारी तीन तुम्ही त्या चटईवर होता.

ते प्लास्टिकचं कॉलर तुम्हाला आठवतंय ना. दवाखान्यातनं गळ्यात घालून दिलेलं, टाके चाटू नये म्हणून. ते घातलं की ती मागं मागं चालायची, कोपऱ्यात जाऊन भिंतीला तोंड लावून बसायची, वाटीत तोंड जायचं नाही. आणि काढलं की मिनिटात जीभ टाक्यावर. तुम्ही पहिल्या दिवशी बघितलंत, दुसऱ्या दिवशी येताना झबलं शिवून आणलंत. मऊ सुती, तुमच्या जुन्या लुगड्याचं, चार पायांना चार भोकं, पोटावरून येऊन पाठीवर पाच नाड्या, शेपटीखाली मोकळं ठेवलेलं म्हणजे शी-सूला अडचण नाही. भोकांच्या कडा दुमडून टीप घातलेली, काखेत काचू नये म्हणून. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तर ते म्हणाले उत्तम, कॉलरऐवजी हे चालेल, फक्त सकाळ-संध्याकाळ सोडून टाके बघा, लाल आहे काय, सूज आहे काय, ओलं आहे काय. मग तुम्ही दुसरं पण शिवलंत कारण पावसात वाळेना, इस्त्री फिरवून घालावं लागायचं.

वाळूचा ट्रे तुम्हीच बंद केलात, वाळू ओल्या टाक्याला चिकटते म्हणून, आणि रद्दीचा तरुण भारत बारीक फाडून घातलात. पुढं डॉक्टरांनी पण तेच सांगितलं.

आता तिसऱ्या दिवसाचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. घरी आल्यापासून ती जेवलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले होते मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि मग ऑपरेशन बरं होऊन सुद्धा मांजर जातं, काहीही करून पोटात घाला. मी पाकिटातलं खाणं ठेवलं, दूध ठेवलं, सुकट भाजून ठेवली, हुंगायची आणि तोंड फिरवायची. तुमच्या घरात अंडं सुद्धा चालत नाही आक्का. श्रावण असो नसो. आणि त्या दिवशी मी कामावरनं आलो तर तुम्ही आमच्या गॅसपुढं उभ्या, पदर नाकाला लावलेला, छोट्या पातेल्यात चिकन शिजतंय. आईकडनं आणवलं होतंत. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, मांजराला कांदा विषासारखा हे डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवलेलं. मग ते कोमट होईपर्यंत थांबलात, अगदी गार नाही, कारण गार अन्नाला वास येत नाही आणि नाक चोंदलेल्या, आजारी मांजराला वास आल्याशिवाय भूक लागत नाही. बोटानं कुस्करलंत. आपल्या हातानं. आणि एक कणी तिच्या वरच्या ओठाला लावलीत आणि म्हणालात "बा नन्नव्वा, बा." ये गं माझे बाई, ये.

तिनं जीभ काढून ओठ पुसला. मग बोट चाटलं. मग तुमचं अख्खं बोट दातात धरून ओढायला लागली आणि तुम्ही हसत होता आणि डोळ्यातनं पाणी येत होतं, आणि आई आतनं विचारतेय "काय करूलालीय ओ, काय झालं?" आणि आम्हा दोघांना पण बोलता येईना. वाटीभर रस्सा उरला तो तुम्ही बिनसुईच्या सिरिंजमधनं गालाच्या बाजूनं थेंब थेंब पाजलात, एका वेळी थोडासाच, गिळलं की पुढचा, घाई केली तर फुप्फुसात जातं म्हणून. मग आमच्या मोरीत साबणानं कोपरापर्यंत हात धुतलात आणि घरी जाऊन आंघोळ केलीत. ते नंतर सूनबाईंनी सांगितलं. रोज तसंच, नऊ दिवस.

गोळीचं पण राहिलं. आईनं चिंगीच्या पोटाला हात लावला, गरम लागलं, ताप आलाय म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी कुटून दुधात घालायला घेतलेली. आईची चूक नाही, मायेनंच करत होती. पण मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, १०१-१०२ तर नेहमीचं, तो ताप नव्हताच. आणि त्या गोळीतलं औषध मांजराच्या लिव्हरला मोडता येत नाही, रक्तातनं ऑक्सिजन नेणंच बंद पडतं, हिरड्या तपकिरी होतात, थोडक्या डोसनं सुद्धा जीव जातो. तुम्ही ती वाटी उचलून मोरीत ओतलीत आणि आईला कन्नडात काय म्हणालात ते आईला सगळं कळलं नाही, पण आवाजावरनं कळलं म्हणाली. माणसाची कुठलीच गोळी नको, डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेले थेंब तेवढेच. मी नव्हतो घरात. तुम्ही नसता तर काय झालं असतं याचा विचार रात्री येतो अजून.

सातव्या रात्री लाईट गेलेली आणि ती खिडकीवर उडी मारायला गेली. खालच्या टाक्याजवळ ओलं दिसलं. रात्री अकराला तुमचं दार वाजवलं मी, तुम्ही चार्जिंगचा लाईट घेऊन आलात, त्या उजेडात झबलं सोडून कोरड्या गॉजनं हलकं टिपलंत, हळद लावू काय विचारलं तर नको म्हणालात, फोटो पाठवू आधी. टाका तुटला नव्हता, वरची खपली ओली झालेली. पहाटे दोनपर्यंत बसलात. त्यानंतर तुम्ही देवघराशेजारच्या खोलीतनं खुर्ची, स्टूल, ट्रंक सगळं बाहेर काढायला लावलंत, उडी मारायला काही शिल्लकच ठेवलं नाहीत.

गल्लीत लोक म्हणाले मांजराला एवढा खर्च? साडेआठ हजार? मला पण ऐकून ऐकून कसंतरी व्हायला लागलेलं. तुम्ही एकदा पण किती लागले विचारलं नाहीत. तुम्ही रोज एकच विचारायचा, रात्री खिडकीतनं सुद्धा, "ऊटा माडितेन्री?" जेवलं काय ते. तुमच्या भाषेत मांजर "ते" म्हणून तुम्ही मराठीत पण चिंगीला "ते"च म्हणता, आता आई पण तसंच म्हणायला लागलीय.

बाराव्या दिवशी टाके निघाले. परवा वजन केलं, ३ किलो १००. केस उगवलेत, अजून मऊ आहेत, पोटावर हात फिरवू देते. झबली दोन्ही धुवून घडी करून ठेवलीत, डॉक्टरांनी एक मागितलंय, नमुना म्हणून दुसऱ्यांना दाखवायला. तुम्ही हो म्हणालात तर देतो, नाहीतर नाही देत.

बायको आणि बाळ पुढच्या आठवड्यात घरी येतायत. बारशाला पहिल्यांदा तुम्ही पाळण्याला हात लावायचा असं आईनं ठरवलंय, आणि त्या दिवशी आमच्या घरात चिंगीसाठी सुद्धा चिकन शिजणार नाही, तुमच्यासाठी शेंगा पोळी आणि आमटी. सूनबाईंना, नातवाला घेऊन या.

आणि हो, आज सकाळी सगळं जेवलं ते. वाटी चाटून पुसून.

तुमचा,
शेजारच्या दारातला