नाणं घासू नका की ओ!

संपादक साहेब, नमस्कार.

यंदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एका जुन्या सामानवाल्याकडं अडकित्ते, कुलपं आणि नाण्यांचा ढीग होता, त्यात हात घातला तर काळपट तपकिरी एक नाणं निघालं, मधे पंख पसरलेला पक्षी. दुकानदार म्हणाला चायनाचं हाय, घ्या दोनशेला. घरी येऊन भिंगातून बघतो तर चिनी अक्षरं, कोरियन अक्षरं आणि वर इंग्रजीत चोन! म्हणजे कोरियाच्या बादशाहीतलं, ब्राँझचं १ चोन (चोन हे तिथलं चलन). ती बादशाही टिकली फक्त १८९७ ते १९१०, नंतर जपाननं गिळलीच.

साल वाचायला एकदम सोपं हाय. नाण्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं नाव आणि तिचं कितवं वर्ष ते असतं; ग्वांगमू लिहिलं असेल तर त्या आकड्यात १८९६ मिळवायचे, पुढच्या बादशहाच्या कारकिर्दीचं युंगही असेल तर १९०६. माझं ग्वांगमू दहा, म्हणजे १९०६ चं. वजन पण बघा, आधीचं १ चोन सात ग्रॅमच्या आसपास आणि १९०७ पासूनचं जेमतेम सवाचार, त्यामुळं सोनाराचा छोटा काटा जवळ असला की बरं पडतं. आणि गंमत म्हणजे नाव कोरियाचं पण नाणं पाडलं जपानमधे, ओसाकाला, कारण १९०४ मधे जपानी सल्लागारानं कोरियाची स्वतःची टांकसाळच बंद करवली. मी हे सगळं वहीत लिहून आईला दाखवलं आणि अंघोळीला गेलो.

तेवढ्यात आईनं देवाच्या तांब्याबरोबर ते नाणं पण चिंच-मीठ लावून घासलं! शंभर वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत गेला, पिसांवरच्या बारीक रेघा पुसट झाल्या. आता कुठला नाणेवाला त्याला हात लावतोय.

म्हणून विनंती, तुमच्या रविवारच्या पुरवणीत एकदा छापा की जुनं नाणं घासायचं नसतं, लिंबू नको, चिंच नको, राख तर नकोच. अगदीच माती असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात भिजवून टिपून घ्या आणि कागदी पाकिटात ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात हिरवं चिकट सुटतं. कोरियाचं नाणं नसेल हो सगळ्यांकडं, पण आपला पाव आणा पण त्याच १९०६ पासून तांब्याऐवजी ब्राँझचा झाला, तो पेठेतल्या कितीतरी घरांत डब्यात पडलेला असेल.

माझं चोन सध्या देव्हाऱ्यात लखलखतंय, आई खूश हाय.

– एक नाणेवेडा, सोलापूर