दुखणं अंगावर काढायचं नाही

लीड्स (इंग्लंड), मंगळवार

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तू म्हणालीस, "उलट्या थांबल्या, पेज पचली, मग घरी काय बसलीस? कामचुकार झालीस की काय तिकडे जाऊन!" तेवढ्यात पप्पांनी फोन घेतला आणि विषय राहिलाच, म्हणून लिहिते.

मला झाला तो नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबाचा विषाणू. हिवाळ्यात इथे त्याची साथ ठरलेलीच. हॉस्पिटलचा नियम असा की शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून पुरते 48 तास वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. फोन केला की सिस्टर "कसं वाटतंय" नंतर विचारते, आधी "शेवटचा जुलाब किती वाजता?" रविवारी मी ठणठणीत होते, सोमवारी पहाटे पुन्हा पोट गेलं. झालं, मोजणी पहिल्यापासून.

आपल्याला बरं वाटलं तरी विष्ठेतून विषाणू पुढे कितीतरी दिवस पडत राहतो. 48 तासांत तो संपतो असं नाही, पण सगळ्यात धोक्याचा काळ टळतो. त्यातून हा इतका चिवट की थोडेसे कण पोटात गेले तरी पुरतात, आणि सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. साबण-पाणीच लागतं. माझ्या वॉर्डात सगळ्या खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या. त्यांच्यातल्या एकीला जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं, मूत्रपिंडावर येतं. मग आजूबाजूच्या खाटाही बंद, नवे पेशंट नाहीत, पडदे उतरवून धुवायला, क्लोरीनने फरशीपासून खाटेच्या दांड्यापर्यंत सगळं पुसायचं.

हे 48 तास सगळ्याच आजारांना नाहीत हं. कांजिण्या झाल्या तर शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरीच.

तू उपकेंद्रात होतीस तेव्हा ताप अंगावर काढून लसीकरणाला जायचीस, ते मला आठवतं. तुझ्या जागी जायला दुसरं होतं कोण? इथे बदली माणूस मिळतो आणि आजारपणाच्या रजेचा पगारही. एजन्सीकडून येणाऱ्या पोरींचं तसं नाही, त्यांची शिफ्ट गेली की पैसे गेले. त्यातली एखादी "आता बरी आहे" म्हणत लवकर आली तर मी तिला नावं ठेवणार नाही. 48 तास घरी बसा म्हणणाऱ्यांनी तेवढ्या दिवसांचे पैसेही द्यावेत.

वहिनीला सांग, पिंट्याला जुलाब झाले तर थांबल्यावरही दोन दिवस अंगणवाडीत धाडू नको. आणि त्याची चड्डी बदलल्यावर तूसुद्धा साबणाने हात धू, ती टेबलावरची सॅनिटायझरची बाटली पुरे नाही.

उद्या रात्रपाळीला जाते आहे. परवा तुमच्या दुपारी फोन करू नकोस, मी झोपलेली असेन.

तुझी,
सुमी