माळ्यावरचा पहिला संगणक भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की कोकणात घरोघरी साफसफाई निघते आणि माळ्यावरचा जुना संगणक पडवीत येतो. पिवळा पडलेला कॅबिनेट, चौदा इंची मॉनिटर, प्लॅस्टिकच्या झाकणाखालचा कीबोर्ड. दसऱ्याला त्यावर झेंडूचा हार चढत असे, चपला बाहेर काढून त्याच्या खोलीत जावे लागे. कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत, हेही पुष्कळांना आठवत असेल. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, आणि अर्थिंग नसले की एसएमपीएसमधल्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टर कपॅसिटरमधून पत्र्यावर निम्मा, म्हणजे साधारण ११५ व्होल्टचा दाब येतो. करंट अगदीच थोडा, म्हणून नुसती झिणझिणी.

हा संगणक आता किलोवर विकला जातो. तो जरूर द्यावा, पण त्यातली हार्डडिस्क आधी काढून ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र. १९९५ ते २००५ या काळात कितीतरी घरांत कुलवृत्तांताची टिपणे, मंडळाचे जमाखर्च, नमनाच्या आणि दशावताराच्या संहिता, कलमांच्या बागेचे हिशेब याच यंत्रांवर टाइप झाले. पुष्कळांची दुसरी प्रत कुठेही नाही.

पहिली गोष्ट, श्रावणात हे यंत्र चालू करून बघू नये. वर्षानुवर्षे खारा वारा लागून आतल्या धुळीत मीठ बसलेले असते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेऊन विरघळते आणि मदरबोर्डवर वीज नको तिथून वाहू लागते. शिवाय पडून राहिलेल्या एसएमपीएसमधले कपॅसिटर सुकलेले असतात; एसएमपीएस फुटताना डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या काळातल्या मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असे. ती गळते, आणि तिच्यातला अल्कली तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-निळा थर दिसला की तो बोर्ड बहुधा संपलेला समजावा.

यंत्र चालू न करताच डिस्क काढता येते. बाजूचा पत्रा उघडा. डिस्कचे चार स्क्रू, ४० पिनांची चपटी केबल आणि चार तारांचा पॉवरचा प्लग, एवढेच सोडवायचे असते. डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असते, ते श्वासासाठी आहे, त्यावर चिकटपट्टी लावू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून डिस्क आठवडाभर ठेवावी. तांदळाच्या पिंपात ठेवू नये, तांदळाची भुकटी कनेक्टरमध्ये जाते.

मग जुनी डिस्क आजच्या संगणकाला जोडणारा यूएसबी-आयडीई अडॅप्टर लावावा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत; म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्यावा. जंपर, म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, ‘मास्टर’च्या जागी ठेवावा, आकृती डिस्कच्या लेबलवर छापलेली असते. केबलची लाल कड पिन १ कडे, बहुतेक डिस्कवर ती पॉवरच्या बाजूला येते. डिस्क टकटक आवाज करू लागली तर ताबडतोब बंद करावी आणि घरी उघडून तर मुळीच पाहू नये. ती नीट फिरत असेल तर आधी महत्त्वाचे फोल्डर घ्यावेत, बाकीचे नंतर. जुनी डिस्क दुसऱ्यांदा फिरेलच याची खात्री नसते.

फ्लॉपीचे दुखणे निराळे. पत्र्याची झडप सरकवून मधली चकती बोटाने फिरवून पाहावी. पांढरे किंवा करडे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हचे वाचणारे हेड माखते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र फाइली मिळाल्यानंतर होते. त्या काळचे मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्हते. श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असत. फाँट नसेल तर कुलवृत्तांत उघडल्यावर अर्थहीन इंग्रजी चिन्हे दिसतात, आणि लोक ‘फाइल खराब झाली’ म्हणून पुसून टाकतात! म्हणून विंडोजच्या फोल्डरमधले फाँट्सचे फोल्डर अख्खे उचलावे. मागे प्रिंटरच्या पोर्टला छोटी डबी लावलेली असेल तर तीही जपावी. काही मराठी सॉफ्टवेअर त्या डाँगलशिवाय उघडतच नसत.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती ज्या-त्या फाँटापुरतीच चालतात आणि नंतर मुद्रितशोधन करावेच लागते. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलटे. त्यामुळे ‘किनारा’, ‘धर्म’ असले शब्द आधी तपासावेत. आणि आपल्याकडे हमखास चुकणारी जोडी म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. अर्ध्या चंद्रासारखा र ओळखता न येणारे साधन सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या करून ठेवते. म्हणून जुना फाँट बसवून मूळ फाइलची पीडीएफ आधी काढावी, ताडून पाहायला तीच उपयोगी पडते.

उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. मॉनिटर फोडू नये. त्याच्या काचेत शिसे असते.

जिल्ह्यातल्या ग्रंथालयांना एक विनंती. पॉवरसह एक आयडीई अडॅप्टर आणि एक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, हे दोन जिन्नस वाचनालयाच्या कपाटात असावेत आणि पावतीवर दोन दिवस घरी नेता यावेत. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा डिस्क फक्त काढून डब्यात ठेवावी. दिवाळीला ते परत येतात तोवर हवा कोरडी झालेली असते, कॉपी तेव्हा करावी.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग