शून्य रुपयाचं तिकीट आणि साडेतीन हजारांची पावती

मा. संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला गृहकर्जावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी अर्ध्यातच डोकं फिरलं आणि पेपर बाजूला टाकला. लेखिकाबाईंनी लिहिलंय छान, सिबिल स्कोअर काय, फ्लोटिंग रेट काय, सगळं समजावून सांगितलंय, पण व्हॅल्युएशनला, म्हणजे बँक कर्जाआधी घराची किंमत काढून घेते त्याला, बाईंनी दिल्यात अडीच ओळी. त्यात काय, तर ही एक औपचारिकता असते आणि काही शंका असल्यास व्हॅल्युअरला मोकळेपणाने विचारा. मोकळेपणाने! बाईंनी स्वतः कधी विचारून बघितलंय का? मी विचारलंय. म्हणून हे पत्र.

मुलाचं कर्ज होतं, पण मुलगा शिफ्टला असतो म्हणून कागद घेऊन फिरायचं काम माझ्याकडे. साताऱ्यातच रिसेल टू बीएचके, तिसरा मजला, व्यवहार ४२ लाखांना ठरलेला, विसार म्हणून २ लाख देऊन बसलेलो. बँकेतनं सांगितलं की आमचे पॅनेलवरचे व्हॅल्युअर येऊन बघून जातील, त्यांची फी तेवढी तुम्ही त्यांना परस्पर देऊन टाका. ठीक आहे म्हटलं. मी समजत होतो कोणी इंजिनिअर माणूस येईल, नकाशा काढेल, भिंतीला हात लावून बघेल. आला एक पोरगा, विशी-बाविशीचा, गाडी खालीच चालू ठेवून. ते लेझरचं यंत्र असतंय ना, त्याने चार ठिकाणी टिकटिक केलं, मोबाईलवर दहा-बारा फोटो मारले, त्यातला एक माझा पण आला असणार कारण मी दारातच उभा होतो, आणि म्हणाला काका, ३,००० प्लस जीएसटी, ३,५४० होतात, ह्या नंबरवर टाका. टाकले. नाव आलं कुठल्यातरी बाईंचं. ह्या कोण रे बाळा, तर म्हणे सरांच्या मिसेस. सर म्हणजे व्हॅल्युअर. बरं, पावती? "सर पाठवतील." कार्पेट एरिया किती भरला? "सर सांगतील." बाल्कनी धरलीस का? "सर बघतील." एकूण सात मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय, जुनी सवय आहे.

आता सवयीचं सांगतो. मी ३३ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, २०२३ ला रिटायर झालो. आमच्या लाईनीत पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही तर काय होतं हे कुठल्याही कंडक्टरला विचारा. मध्येच गाडी थांबवून चेकिंगवाले चढायचे, सगळ्या प्रवाशांसमोर वेबिल, तिकिटं आणि कॅश ताळ्यात घ्यायचे, आणि पाच रुपयांचा फरक निघाला तरी केस. घरी जाऊन बायकोला तोंड कसं दाखवायचं इथपर्यंत वेळ यायची. शेवटी शेवटी तर ७५ वर्षांच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला, २०२२ पासून, तरी त्या म्हाताऱ्या माणसाला शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात द्यावं लागायचं. एक आजोबा माझ्यावर चिडलेले, म्हणे पैसे घेत नाहीस तर हे चिटोरं कशाला देतोस, खिशात कचरा. मी म्हटलं आजोबा, तुम्ही गाडीत होता ह्याचा पुरावा आहे तो. तर सांगायचं हे की शून्य रुपयाची पावती देत आयुष्य गेलेल्या माणसाला ३,५४० ची पावती मागायला लाज वाटेल असं कोणाला वाटलं असेल तर चुकलं.

नऊ दिवस फोन केले. रोज एक. नवव्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. पावती पुस्तकातली, हाताने लिहिलेली, तिरकी काढलेली. त्यावर "श्री." छापलंय आणि पुढे कोरं. म्हणजे मी कोण हे मीच भरायचं. रक्कम ३,५४०, "रोख मिळाले". रोख? मी यूपीआयने दिलेत, माझ्याकडे वेळेसकट नोंद आहे. आणि जीएसटी नंबर कुठंच नाही. भाची सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करते, तिने बघितलं आणि हसायलाच लागली, म्हणाली मामा, वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असेल तर सर्व्हिसवाल्याला जीएसटी नोंदणी नसली तरी चालते, पण मग ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने एक रुपया घेता येत नाही. नोंदणी असेल तर नंबर छापायला पाहिजे. दोन्हीतलं एक काहीतरी पाहिजे ना. मग ते ५४० कुणाच्या घरी गेले? सरांच्या मिसेसच्या? सरांना फोन केला तर सर म्हणाले, "काका, तुम्ही फार खोलात जाताय."

इथपर्यंत एक वेळ मी सोडूनही दिलं असतं. खरं सांगतो, सोडणार होतो. पण बँकेतनं फोन आला की व्हॅल्युएशन ३८ लाख आलंय. म्हणजे आमच्या कर्जाच्या गटात ८० टक्के मिळतात, ४२ वर ३३ लाख ६० हजार झाले असते ते आता ३० लाख ४० हजार. ३ लाख २० हजार आणायचे कुठनं? साठेखताची मुदत महिन्याची, विसार अडकलेला, स्टॅम्प ड्युटीचे पैसे वेगळे काढून ठेवलेले कारण ते कर्जात धरत नाहीत. मुलाचं तोंड एवढंसं झालं.

सरांना विचारलं ३८ कसे काय काढले. तर म्हणे, "रिपोर्ट कॉन्फिडेन्शियल असतो काका, आमचा क्लायंट बँक आहे, तुम्हाला काही सांगता येत नाही." बरं बाबा. बँकेत गेलो. साहेब कोणाच्या तरी फोनवर, आणि फाईल टेबलावर उघडी. मला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, आणि देवाच्या कृपेने फाईल लांब होती. तिसऱ्याच पानावर, मजला तिसरा, लिफ्ट: नाही.

अहो, लिफ्ट आहे! चांगली सहा माणसांची आहे. त्या दिवशी दुरुस्तीला होती, खाली सोसायटीने पाटी लावलेली "लिफ्ट बंद आहे". बंद आहे म्हणजे आहे ना? त्या पोराने पाटी वाचली नाही, जिना चढला, आणि लिहून टाकलं नाही. मी दारात उभा होतो, मला एका शब्दाने विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण विचारायचं त्यांनीही नाही आणि आम्हीही नाही अशी पद्धत आहे वाटतं. लिफ्टशिवायचा तिसरा मजला आणि लिफ्टचा तिसरा मजला ह्यात भावाचा फरक पडणारच, तो पडू दे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

साहेबांना दाखवलं. साहेब भले होते, ओशाळले सुद्धा, पण म्हणाले दुरुस्ती करायची तर रीव्हिजिट लागेल आणि त्याचे २,००० वेगळे. कोणी द्यायचे? तर आम्ही! म्हणजे चूक त्याची, भुर्दंड आम्हाला. दिले, काय करणार, मुदत चालली होती. तोच पोरगा आला, ह्या वेळी लिफ्टनेच आला, लिफ्टचा फोटो काढला आणि गेला. ४१ लाख झाले. कर्ज ३२ लाख ८० हजार. वरचे ८० हजार हिच्या पाटल्या ठेवून उभे केले. २,००० ची पावती आजपर्यंत आलेली नाही, कोऱ्या नावाची पण नाही.

आता लेखिकाबाईंसाठी. तुम्ही केएफएसचा उल्लेख केलाय, म्हणजे "की फॅक्ट्स स्टेटमेंट", कर्जाचे सगळे खर्च मांडून दाखवणारा बँकेचा कागद, चांगलं केलंत. रिझर्व्ह बँकेचं १५ एप्रिल २०२४ चं परिपत्रक आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासनं नवीन कर्जांना लागू झालं, भाचीने प्रिंट काढून दिलंय. त्यात स्पष्ट आहे की बँक दुसऱ्या कोणासाठी कर्जदाराकडून पैसे वसूल करत असेल, विमा असो, वकिलाची फी असो, तर ती रक्कम वेगळी दाखवायची, कर्जाच्या वार्षिक खर्चाच्या टक्क्यात धरायची आणि प्रत्येक पेमेंटची पावती कर्जदाराला वाजवी वेळेत द्यायची. हे घेऊन मी साहेबांकडे गेलो. साहेब काय म्हणाले असतील? "पण ते पैसे आम्ही घेतलेच नाहीत, तुम्ही त्यांना परस्पर दिलेत." परस्पर द्यायला सांगितलं कोणी? आमच्या केएफएसमध्ये व्हॅल्युएशनच्या पुढे शून्य आहे. कागदोपत्री आम्हाला व्हॅल्युएशन फुकट पडलंय! इथे शून्य आहे, पण शून्याचं तिकीट सुद्धा नाही.

खरी गोम ही आहे, बाकी लिफ्ट वगैरे माझं नशीब. पैसे बँकेच्या खिडकीवर भरून घेतले तर पावती द्यावी लागते, म्हणून खिडकीवर घ्यायचेच नाहीत. बँक म्हणते व्हॅल्युअर तुमचा तुम्ही बघा, व्हॅल्युअर म्हणतो मी बँकेचा. पाहुणा त्यांचा, जेवण आमच्याकडे, आणि मीठ कमी पडलं का विचारायचं नाही. ५० कोटींच्या वरची मालमत्ता असेल तर बँकांनी दोन स्वतंत्र व्हॅल्युएशन घ्यावीत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. घ्यावीतच. आमच्या ४२ लाखांना एक पोरगा आणि एक मोबाईल, तरी हरकत नाही, पण त्या मोबाईलमधनं एक धड पावती निघत नाही?

आमच्या कॉलनीत एक रिटायर इंजिनिअर आहेत, ते पूर्वी पॅनेलवर होते, त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले बँका फी ठरवतात कमी, देतात उशिरा, त्यात कामं ढीगभर, म्हणून माणूस पोरं पाठवतो आणि पैसे परस्पर घेतो. आणि कर्जदाराला आकडा आधी सांगितला तर लोक घरी येऊन बसतात, वाढवा म्हणून. हे मला पटलं. आकडा नका सांगू. पण लिफ्ट आहे का नाही, क्षेत्रफळ किती भरलं, बांधकामाचं वर्ष कुठलं धरलं, एवढं तरी पैसे देणाऱ्याला वाचून दाखवा आणि सही घ्या. आम्ही सुद्धा तिकीट फाडायच्या आधी कुठं जायचंय हे विचारत होतो.

बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे, तारखेचा शिक्का मारून, मी हलतच नव्हतो शिक्क्याशिवाय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आज १९वा दिवस आहे. पुढच्या वेळी बाईंनी लेख लिहिताना त्या अडीच ओळी काढल्या तरी चालतील.

आपला,
एक वाचक, सातारा

ता. क. मागे स्टँडवरच्या पिण्याच्या पाण्याबद्दलचं माझं पत्र तुम्ही छापलंत, आभारी आहे, पण खाली "निवृत्त चालक" असं छापलंत. मी वाहक होतो. चालक वेगळा, वाहक वेगळा. डेपोत अजून चिडवतात की गाडी कधीपासनं चालवायला लागला. ह्या वेळी छापणार असाल तर तेवढं बघून छापा.